झाडे जमादारांचा मुद्देमाल

टीव्हीत प्रेत दिसलं की झाडे जमादार खुर्चीतून उठून उभे राहायचे. एकटे उभे राहून त्यांचं समाधान व्हायचं नाही. त्या वेळी त्यांच्या घरात जो कोणी बसलेला असेल, मग तो पाहुणा असो की दूधवाला, त्यालाही उठावं लागे.

मी नालवाडीत नवीन राहायला आलो तेव्हाची, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. माझ्याकडे पुस्तकं होती, टीव्ही नव्हता. जमादारांचं घर भिंतीला भिंत लागून. एका संध्याकाळी त्यांनी कंपाउंडवरून हाक मारली, "मास्तर, या. खुनाची मालिका लागून राह्यली." मी मास्तर नव्हतो, ग्रंथालयात नोकरीला होतो, पण चष्मा लावून हळू बोलणाऱ्या प्रत्येक माणसाला जमादार मास्तरच म्हणत. मी जाऊन बसलो. थोड्याच वेळात पडद्यावर एका बंगल्यात गालिच्यावर एक शेठजी पालथे पडलेले दिसले आणि जमादार ताडकन उठले. मला वाटलं, मेलेल्या माणसाचा मान राखत असतील. मीही उठलो आणि डोळे मिटून मान खाली घातली.

"मान कायले खाली घातली?" जमादार म्हणाले. "पाहा नं नीट."

"नाही, आदर म्हणून..."

"आदर कायचा आला बापा त्याच्यात? मौक्यावर, म्हंजे गुन्हा झाला त्या जागी, पोलीस बसत नाई. बसला का पुरावा मोडते."

"पण जमादार, हे तर तुमचं घर आहे."

"मंग? मौका तं घरातच आला नं."

वच्छलाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, खाली पाटावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या जागच्या हलल्या नाहीत. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "मी नाई उठत. पगार यायले भेटे. मले नाई."

झाडे जमादार पोलिसात हेड कॉन्स्टेबल म्हणून निवृत्त झाले होते. उंच, काटकुळे, सावळे. पांढरी मिशी पट्टी लावून कापल्यासारखी सरळ. सबंध नोकरीत त्यांनी एकही चोर पकडला नाही आणि त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. त्यांची जवळपास सगळी नोकरी मालखान्यात गेली. प्रत्येक ठाण्यात एक अंधारी खोली असते. गुन्ह्यात सापडलेल्या वस्तू, म्हणजे मुद्देमाल, खटल्याचा निकाल लागेपर्यंत तिथे ठेवतात. कुऱ्हाडी, विळे, सायकली, तांब्याचे हंडे, रक्ताचे डाग पडलेली धोतरं. जिल्ह्यात दारूबंदी असल्यामुळे दारूचे डबे तर रोजचेच. लोक म्हणत, मालखान्यातली दारू उन्हाळ्यात आटते. जमादारांच्या मालखान्यातली कुठल्याच ऋतूत आटली नाही.

"चोर पकडनारे लय हायेत," ते म्हणायचे. "चोराचा माल सांबाळनारा एकच असते. अन माल कसा सांबाळा लागते? जसा हाय तसा."

'जसा हाय तसा' हे त्यांचं ब्रीद होतं. काकूंनी जुनं भगोनं घासून लखलखीत केलं तरी ते कळवळायचे. "वच्छले, हे जसं होतं तसं काऊन नाई ठेवलं तू?"

"जळकं होतं म्हनून."

"जळकं तं जळकं. ओळख पटवाची वेळ आली तं कसं पटवशीन?"

"भगोन्याची ओळख कोन पटवून राह्यलं अहो?"

टीव्हीवरच्या त्या मालिकेत दर आठवड्याला एक खून व्हायचा आणि कातडी जाकीट घातलेला एक इन्स्पेक्टर तो उलगडायचा. खून कोणी केला यात जमादारांना तिळभर रस नव्हता. शेवटी गुन्हेगार रडत रडत कबुली द्यायला लागला की ते पाणी प्यायला उठत. "पोलिसासमोरचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाई," असं म्हणून ते स्वयंपाकघरात जात आणि मालिका तिथेच संपवून टाकत. त्यांचा जीव अडकायचा दुसऱ्याच ठिकाणी. इन्स्पेक्टरनं रक्ताळलेला चाकू रुमालात धरून खिशात टाकला की जमादार दुखावल्यासारखे ओरडायचे, "अबे, चिठ्ठी कुठं हाय? लाख कुठं हाय? पंच कुठं हायेत?" जप्त केलेल्या वस्तूला चिठ्ठी बांधून वर लाखेचं सील मारायचं असतं, हे त्या इन्स्पेक्टरच्या गावीही नसे. एकदा एका म्हातारीच्या घरी दरोडा पडतो आणि तिचा लोटा पुराव्यात जातो, असा भाग होता. चोर सापडला, म्हातारी हात जोडून रडली, शेवटची पाटी आली. जमादार पुढचे दोन-तीन दिवस मला विचारत होते, "पन मास्तर, त्या बुढीचा लोटा वापस देल्ला का त्याईनं?"

पंचांचं जरा सांगायला हवं, कारण पुढे सगळं त्यांच्यावरच आलं. पोलीस एखादी वस्तू जप्त करतात तेव्हा वस्तीतले दोन बरे लोक साक्षीला लागतात. ते पंच. जे घडलं ते आमच्या समक्ष घडलं, असं पुढे त्यांनी कोर्टात सांगायचं. पोलीस पंच शोधायला निघाले की अख्खी गल्ली दारं लावून घेते, आणि कोर्टात उभं राहिल्यावर अर्धे पंच 'आम्ही काही पाहिलंच नाही' म्हणून फितूर होतात. जमादारांची सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती. मांजरानं दूध सांडलं तरी त्यांना दोन पंच लागत. एक मी ठरलेला. दुसरे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचे राठी शेठ. पण ते हाती लागत नसत. जमादारांची शिट्टी ऐकू आली की राठी गल्ल्यामागे वाकून काहीतरी शोधायला लागत.

"राठी शेठ, या बरं. मांजराचा पंचनामा हाय."

"जमादार साब, गिऱ्हाईक उभं हाय नं."

दुकानासमोर चिटपाखरू नसायचं. "कुठं हाय गिऱ्हाईक?"

"येऊन राह्यलं."

ती शिट्टीही सांगण्यासारखी. सरकारी शिट्टी निवृत्तीच्या दिवशी जमादारांनी जमा केली आणि घरी येताना बाजारातून तशीच पितळी एक विकत घेतली. खाकी दोरीनं ती कायम गळ्यात. मालिका सुरू व्हायच्या आधी अंगणात उभं राहून ते ती वाजवत, म्हणजे मी समजून जाई.

जाहिराती लागल्या की ते मागच्या गोष्टी सांगत. त्यातली बकरीची गोष्ट मी किती वेळा ऐकली असेल, सांगता येत नाही. ते अल्लीपूरच्या ठाण्यात असताना दोन शेजाऱ्यांत एका बकरीवरून चोरीची केस झाली. एक कान फाटलेली बकरी. ती मुद्देमाल म्हणून मालखान्यात बांधली. सकाळी पाहिलं तर तिनं बाकीच्या मुद्देमालाच्या चिठ्ठ्या खाऊन टाकलेल्या, आणि एका मारामारीच्या केसमधला अर्धा सदराही. अशा वेळी माल सुपूर्दनाम्यावर देतात; म्हणजे भरवशाच्या माणसाच्या ताब्यात द्यायचा आणि त्यानं कबूल करायचं, की माल जसा आहे तसा सांभाळीन, कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन. बकरीला कोणी ताब्यात घेईना. शेवटी दोन्ही बाजूंच्या लोकांनी एकाच नावाला मान डोलावली. जमादारांच्या बायकोच्या.

"कोर्टाचं काम कोर्टाच्या चालीनं चालते," जमादार सांगत. "केस लांबली. बकरी हिच्या हातची झाली. मंग हिंगणघाटच्या कोर्टातून बोलावनं आलं. हे घेऊन गेली. बकरी धुतलेली, कपाळाले कुंकू. साहेबानं पुसलं, बाई, माल जसा होता तसा हाय का? तं हे म्हनते कशी, नाई साहेब, माल वाढला. मांगून दोन पिल्लं."

काकू तांदळातून मान वर न करता म्हणत, "मंग खोटं सांगू का कोर्टात?"

"अन वापस येताना येष्टीत रडली. कंडक्टरनं पुसलं, कोन गेलं बाई? तं म्हनते, बकरी."

हे सांगताना ते हसत, काकूही हसत. बकरीच्या गोष्टीपुरतं त्यांचं कधी भांडण झालं नाही.

नव्वदचं दशक संपता संपता एकदा शिट्टी हरवली. जमादारांनी मला बोलावून घेतलं. त्यांचा चेहरा ओढलेला होता. "चोरी झाली, मास्तर. पोरगी सासरी, पोरगं नोकरीवर. घरात मानसं दोन. मी चोरली नाई. मंग उरलं कोन?"

काकूंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मी जवळ गेलो तर दोरी त्यांच्या गळ्यातच होती. शिट्टी मागे फिरून पाठीवर सदऱ्याच्या आत गेलेली. मी ती काढून पुढे घेतली. जमादार खो खो हसले. "पोलिसाच्याच पाठीवर चोरीचा माल," असं पुढे ते सगळ्यांना सांगत फिरले. काकू त्या दिवशी हसल्या नाहीत.

मग चष्मा गेला, किल्ली गेली, एकदा निवडणुकीचं ओळखपत्र गेलं. सगळं सापडलं, पण प्रत्येक वेळी संशयाचं बोट एकाच दिशेला गेलं. दोन माणसांच्या घरात ते आणखी कुठे जाणार? कंपाउंडपाशी कपडे वाळत घालताना एकदा काकू मला म्हणाल्या, "भाऊ, सापडते ते ठीक हाय. पन सापडेपर्यंत चोर मीच नं. त्याचं काय?"

त्याच सुमारास त्या मालिकेचा एक वेगळा भाग लागला. एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याची जुनी केस पुन्हा उघडते. त्याला कोर्टात बोलावतात. म्हातारा पिंजऱ्यात उभा राहून त्या रात्रीचं आठवू लागतो, आणि आपल्याला ती रात्र दिसते. पण प्रत्येक वेळी वेगळी. एकदा कंदील डावीकडे, एकदा उजवीकडे. एकदा दार मोलकरीण उघडते, एकदा त्याची स्वतःची बायको. वकील विचारतो, दार कोणी उघडलं होतं? म्हातारा छातीवर हात ठेवून ठामपणे सांगतो, माझ्या बायकोनं. आणि मागे बाकावर ती म्हातारी बायको नुसती बघत राहते.

त्या भागात प्रेत तीनदा दिसलं. पहिल्या वेळी मी सवयीनं अर्धा उठलो, तर जमादार बसलेलेच. मी पुन्हा बसलो. जाहिराती लागल्या, पण त्यांनी बकरी काढली नाही.

"मास्तर," ते म्हणाले, "हा बुढा खोटं बोलून राह्यला का?"

"नाही. त्याला तसंच आठवतं आहे."

"म्हंजे त्याच्या हिशोबानं खरंच हाय."

"हो."

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. काकू आत भाकरी थापत होत्या, तो थापांचा आवाज तेवढा येत राहिला.

"मंग त्या बाईनं काय करावं?"

या प्रश्नाचं उत्तर त्या भागात नव्हतं. खुनी सापडला, पाटी आली. जमादार कबुलीच्या वेळी पाणी प्यायलासुद्धा उठले नाहीत.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी शिट्टी वाजली. मी गेलो तर जमादार धुतलेला, इस्त्रीचा सदरा घालून अंगणात खुर्चीत. समोर राठी शेठ बसलेले, हातात चहाचा कप, चेहरा फसल्यासारखा. जमादारांनी त्यांना पंच म्हणून बोलावलंच नव्हतं. नुसतं "चहा प्याले या" म्हटलं होतं.

"वच्छले, बाहीर ये," जमादार म्हणाले. काकू पदराला हात पुसत आल्या.

जमादार उभे राहिले आणि ठाण्यात बोलत असतील त्या आवाजात बोलू लागले. "आज रोजी मी, झाडे, राहनार नालवाडी, पूर्ण शुद्धीत असताना, कोनाच्याही दबावाखाली नसताना, दोन पंचांसमक्ष सांगतो, का एक मुद्देमाल हाय. रंग सावळा, मिशी पांढरी, चष्मा एक, डोक्सं मधामधात बंद. हा माल आजपासून वच्छलाबाई झाडे यांच्या ताब्यात सुपूर्दनाम्यावर देन्यात येत आहे. जसा हाय तसा."

राठी हसणार होते, पण जमादारांच्या चेहऱ्याकडे पाहून थांबले.

"पुढं हा माल काई बी बोलन," जमादार म्हणाले. आता आवाज ठाण्यातला राहिला नव्हता. "म्हनन, हे बाई चोर हाय. म्हनन, हे बाई कोन हाय. तवा तुमी दोघं येजा. अन मले सांगजा, का झाडेनं शुद्धीत असताना सांगतलं होतं: ह्या बाईनं माह्यं कधीच काई चोरलं नाई."

मी म्हणालो, "जमादार, लिहून ठेवतो ना. तुमची सही घेऊ."

"नाई. कागद मी माननार नाई. म्हनन, हिनंच लिहून घेतला. जलमभर कागद पाह्यले मी, मास्तर. कागदाले तोंड नसते. पंच उभा राहून बोलला तरच कागद उभा राह्यते. मंग नुसता पंचच बरा."

त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि काकूंच्या गळ्यात घातली. "ताबा घ्या."

काकू शिट्टीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मले पुसलं का कोनी? मी नाई घेत हा माल. बकरी बरी होती, दूध तं देत होती."

राठींना हसू आवरलं नाही आणि चहा त्यांच्या पॅन्टवर सांडला. जमादारही हसले. काकू मात्र आत निघून गेल्या, शिट्टी गळ्यात तशीच ठेवून. बराच वेळ आतून नाक ओढल्याचा आवाज येत होता.

राठी जायला निघाले तेव्हा पॅन्ट झटकत मला म्हणाले, "मास्तर, मले नका गुतवू बरं. तुमी एकटे काफी हाय." काकूंनी ते खिडकीतून ऐकलं. "हा फितूर होईन पाहा," त्या म्हणाल्या.

त्यानंतर वर्षं गेली. जमादारांकडे रंगीत टीव्ही आला, केबल आली, गुन्ह्यांच्या मालिका रोजच्या झाल्या. जमादारांना आता गोष्ट धरून ठेवता येईना. जाहिरात लागली की आधीचं पुसलं जाई, आणि नंतर पडद्यावर येणारी माणसं त्यांना नवी वाटत. पण प्रेत दिसलं की ते उठत. कधी कधी साबणाच्या जाहिरातीतला माणूस डोळे मिटून आडवा झाला तरी उठत.

एका सकाळी बाहेर गलका ऐकून मी आलो. जमादार पायजम्यावर खाकी पट्टा बांधून फाटकाबाहेर पडत होते. "रपोट द्याची हाय," ते मला म्हणाले. मला ओळखलं की नाही, कळलं नाही. "घरात एक बाई घुसली. माह्यी शिट्टी तिच्या गळ्यात हाय. रंगेहाथ सापडली."

दाराच्या पायरीवर काकू बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी, त्यात दोन लुगडी. "जाऊ द्या भाऊ त्यायले," त्या म्हणाल्या. "मी सिंदीले पोरीकडे चालली. मी दिसली का यायले तरास होते. नाई दिसली तं शांत राहतीन."

"आणि यांचं कोण करील?"

"पोराले सांगजा. या वयात रोज उठून चोर नाई होत मले."

मी फाटकाशी गेलो. जमादारांना अडवता येणं शक्य नव्हतं. त्या वयातही त्यांच्या मनगटात जोर होता. मी एवढंच म्हणालो, "जमादार, रपोट देता, पण पंच कुठं आहेत?"

ते थांबले. एक पाय रस्त्यावर, एक फाटकात. "पंच," ते स्वतःशी म्हणाले. "पंच तं पाहिजेत."

"दोन आहेत. एक मी. दुसऱ्याला आणतो. तोवर मौका सोडू नका."

पोळ्याचे दिवस होते. राठींच्या दुकानासमोर खरोखरची गर्दी होती. राठी गूळ तोलत होते. मी म्हणालो, "शेठ, जमादारांकडे पंच लागतात." त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, हातातला गूळ पारड्यात ठेवला आणि लोकांना म्हणाले, "थांबा थोडं. नाई जमत तं दुसरीकून घ्या." हे वाक्य राठींच्या तोंडून मी आधी कधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. मग ते दुकानामागच्या घरात शिरले आणि थोड्या वेळानं बाहेर आले. पॅन्ट बदलली होती, एवढंच मला दिसलं.

जमादार अंगणात उभेच होते. आम्हाला पाहिल्याबरोबर त्यांनी राठींना बोट दाखवलं. "तुमी फाटकाबाहीर. दोन पंचांनी एकमेकाचं आयकाचं नाई."

राठींशी काही बोलायलाच मिळालं नव्हतं. त्यांना किती आठवत असेल, आणि आठवत असलं तरी ते काय सांगतील?

मी सांगितलं. रविवार, इस्त्रीचा सदरा, सुपूर्दनामा, शिट्टी. "शिट्टी चोरलेली नाही. तुम्ही स्वतः यांच्या गळ्यात घातली."

"तुमी पाह्यलं? समक्ष?"

"समक्ष."

"बाई काय बोलली?"

"म्हणाल्या, हा माल नको. बकरी बरी होती, दूध तरी देत होती."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मला बाहेर पाठवलं, राठींना आत घेतलं. मी फाटकाच्या पलीकडे कान देऊन उभा राहिलो. राठी घसा साफ करत होते. नेहमीप्रमाणे आता हे गिऱ्हाइकाचं निमित्त सांगतील, असं मला वाटून गेलं.

"हे पाहा जमादार साब," राठी म्हणाले, "तुमी मले चाय प्याले म्हनून फसवून बोलावलं होतं. मंग तुमी म्हनलं, मी मुद्देमाल हाय. डोक्सं मधामधात बंद. अन म्हनलं, ह्या बाईनं माह्यं कधीच काई चोरलं नाई. बाई म्हने, बकरी बरी होती, दूध देत होती. मले हासू आलं अन चाय सांडली. हेच पॅन्ट. डाग गेला नाई अजून. पाहा."

मी आत डोकावलो. जमादार वाकून, चष्मा वर करून राठींच्या मांडीवरचा डाग निरखत होते.

"पॅन्ट जप्त करा लागन," ते म्हणाले.

"करा. पन घरी जायले दुसरी द्या."

जमादार सरळ झाले आणि पायरीवरच्या बाईकडे वळले. "कोनती बकरी?"

काकूंनी पिशवी बाजूला ठेवली. "अल्लीपूरची."

"कान?"

"एक फाटका. डावा."

"चिठ्ठ्या खात होती," जमादार हळूच म्हणाले.

"अर्धा सदरा बी खाल्ला तिनं."

"मंग हिंगणघाटच्या कोर्टात... साहेबानं पुसलं..." ते अडखळले. काकू वाट पाहत राहिल्या. "माल वाढला," जमादार म्हणाले. "वापस येताना येष्टीत कोनतरी रडत होतं."

"मी."

त्यांनी काकूंकडे पाहिलं. ओळखलं असं मी म्हणणार नाही. ते मला माहीत नाही. पण ते दोन्ही पंचांकडे वळून, निकाल देताना बोलतात तसं बोलले, "ज्या बाईनं दुसऱ्याची बकरी अशी सांबाळली, ते चोर नसते. माल तिच्या ताब्यात देल्ला म्हनता?"

"दिला," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

"मंग माल बाहीर काऊन उभा हाय? आत घ्या." आणि ते स्वतः चालत आत जाऊन खुर्चीत बसले.

काकू उठल्या. पिशवी उचलून त्याही आत गेल्या. जाता जाता राठींना म्हणाल्या, "तुमाले मी फितूर म्हनलं होतं."

"आयकलं होतं म्या," राठी म्हणाले. "म्हनूनच तं पॅन्ट धुतली नाई."

पुढे असं पुष्कळदा झालं. आता शिट्टी काकू वाजवत. मी कंपाउंडवरून आणि राठी दुकानातून जात. एकजण फाटकाबाहेर, एकजण आत. साक्ष झाली की जमादार शांत होत आणि आम्हाला चहा मिळे. राठींनी ती पॅन्ट खास या कामासाठी खुंटीला वेगळी टांगून ठेवली होती. त्यांची सून तिला 'कोर्टाची पॅन्ट' म्हणत असे. काकू सिंदीला गेल्या त्या पुढे नातीच्या लग्नालाच, आणि तेव्हाही माल सोबत घेऊन.

जमादार गेले ते झोपेतच. कोणावर संशय न घेता.

त्यानंतर काही दिवसांनी एका संध्याकाळी काकूंनी कंपाउंडवरून हाक मारली. राठी आधीच येऊन बसले होते. टीव्ही चालू होता, कुठलीशी नवी मालिका, नवा इन्स्पेक्टर. कोणाचंच लक्ष नव्हतं. मग पडद्यावर एक प्रेत आलं आणि राठी कप हातात घेऊन उठले. मीही उठलो. खाली पाटावर काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकला आणि त्याही सावकाश उभ्या राहिल्या. गळ्यात शिट्टी होती.

"कोर्टानं माल मागितला, म्या हजर केला," त्या म्हणाल्या. "तुमी पंच होते. जसा देल्ला होता तसाच होता नं?"

मी 'हो' म्हणणार होतो. पण राठी आधी बोलले.

"नाई काकू. माल वाढला होता."

काकूंनी पदर तोंडाशी नेला. हसू होतं की काय होतं, ते मी पाहिलं नाही. पडद्यावर इन्स्पेक्टरनं चाकू उचलून खिशात टाकला.

"अबे, चिठ्ठी कुठं हाय?" काकू टीव्हीला म्हणाल्या, आणि मग आम्हाला, "बसा आता. चहा गार होऊन राह्यला."